दोन पावलांचं कवेलू

रामटेके काका शेजारी राहायला आले तेव्हा मी त्यांच्यासाठी शिरा करून घेऊन गेले होते, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून ही बाई मुळातच खडूस असणार, असं कोणाला वाटायला नको. शिरा साजूक तुपातला होता, वर बेदाणे होते आणि मनात काहीही नव्हतं. मनात जे आलं ते नंतर आलं, आणि आलं ते सात वर्षं मुक्काम ठोकून राहिलं.

फीनिक्सजवळच्या चँडलरमधली आमची कॉलनी म्हणजे मातकट रंगाच्या भिंती, दारात एखादं निवडुंग आणि वर कौलारू छप्पर. सगळी घरं सारखी. काकांनी दार उघडलं, डबा हातात घेतला, माझ्याकडे बघायच्या ऐवजी माझ्या डोक्यावरून पलीकडे आमच्या छपराकडे बघितलं आणि म्हणाले, तिसऱ्या ओळीतलं एक कवेलू, म्हणजे आमच्या भाषेत कौल, सरकलं आहे, जुलैच्या वादळाच्या आत बसवून घ्या. मग त्यांना आठवलं की समोर एक बाई उभी आहे. त्यांनी निळी टोपी काढली आणि नमस्कार केला. "मी रामटेके. नागपूरचा. तुमी?"

एवढीच त्यांची ओळख. बाकीचं हळूहळू कळत गेलं. तीस वर्षं चिप बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायची नोकरी, काकू चार वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगा सनीव्हेलला. बुटके, खांद्यात किंचित वाकलेले, चालताना पाय जपून टाकणारे. आणि गाडीच्या नंबरप्लेटवर, जिथे लोक मुलांची नावं नाही तर देवाचं नाव टाकतात, तिथे VITELIU अशी सात अक्षरं. कॉलनीतल्या एकांना ते औषधाचं नाव वाटलं होतं. त्यांनी काकांना विचारलंही की हे गुडघ्यांवर चालतं का.

ते इटलीचंच जुनं नाव आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. रोमविरुद्ध उठलेल्या लोकांनी आपली नाणी पाडली, त्यांतल्या काहींवर ते होतं. एका नाण्यावर तर एक बैल रोमच्या लांडगिणीला शिंगांवर घेतोय असं चित्र आहे. काकांच्या चहाच्या मगवर तोच बैल होता. त्या उठावात सॅम्नाइट नावाचे डोंगरातले लोक पुढे होते, आणि हे सॅम्नाइट म्हणजे काकांचं वेड. आमच्याकडे निवृत्त माणसं गोल्फ शिकतात, नाही तर सत्संगाला लागतात. काका सॅम्नाइटांना लागले होते.

ते कसे लागले, ही गोष्ट त्यांच्याकडून मी निदान सहा वेळा ऐकली. कंपनीनं एकदा त्यांना एक यंत्र बसवून द्यायला इटलीला पाठवलं होतं. रविवारी सोबतचे सगळे रोम बघायला गेले. काकांची पाठ धरली होती, त्यांना गर्दी नको होती, म्हणून ते मिळाली त्या बसमध्ये बसून डोंगरातल्या एका गावी उतरले. तिथे माळावर दगडी प्रेक्षागृह होतं. पुढच्या ओळींतल्या बाकांना पाठी होत्या, आणि त्या दगडी पाठी माणसाच्या पाठीसारख्या मागे वळवलेल्या होत्या. काका बसले, आणि तीन दिवसांची कळ थांबली. त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, रोमन लोकांनी बांधलं का? तो म्हणाला, नाही, रोमन आल्यावर हे बंद पडलं.

"झालं," काका म्हणायचे. "ज्यानं माझ्या पाठीचा एवढा विचार केला, त्याचं नाव तरी माहीत पाहिजे ना बावा."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी इतिहासात एम.ए. आहे. कोल्हापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात सहा वर्षं शिकवलं. लग्न करून इथे आले, व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, परवानगी आली तेव्हा रेवा झाली होती, आणि ती शाळेत जायला लागली तेव्हा मला कोणी विचारणारं उरलं नव्हतं. राहिलं काय, तर कॉलेजात घालायची कोल्हापुरी चप्पल आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाचं वर्षातून एकदाचं व्याख्यान. ते पाच वर्षं मीच देत होते. नवरा म्हणायचा, तू आपली मंडळाची इतिहासवाली. मला ते आवडायचं.

माझा मनसुबा असा होता की रेवाला इतिहासाची गोडी मीच लावणार. लहानपणापासून तिला झोपवताना किल्ले सांगितले, तह सांगितले. ती ऐकायची आणि मधेच विचारायची, "आई, इज धिस गोइंग टु बी लाँग?"

अशा त्या रेवाला, अकरा वर्षांच्या, मी शिऱ्याचा रिकामा डबा आणायला काकांकडे पाठवलं. पाच मिनिटांचं काम. दोन तासांनी आली. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून काकांनी त्यात नागपूरहून आलेल्या संत्रावड्या भरल्या होत्या आणि वर एक चिठ्ठी ठेवली होती. चिठ्ठीवर रेवाचं नाव कुठल्याशा टोकदार अक्षरांत उजवीकडून डावीकडे लिहिलेलं होतं. सॅम्नाइटांची ऑस्कन भाषा तशी लिहितात, हे माझ्या मुलीनं मला सांगितलं. ज्या मुलीला मराठी बाराखडी शिकवताना माझ्या घशाला कोरड पडली होती, ती दोन तासांत एक मेलेली लिपी शिकून आली होती. मी संत्रावडी खाल्ली. चांगली होती, हे कबूल करते, पण मला ती गोड लागली नाही.

तेव्हापासून शनिवारची सकाळ काकांची झाली. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच, एक भलाथोरला पांढरा फळा होता, घड्या घालायच्या चार खुर्च्या होत्या आणि भिंतीला टेकवलेल्या कसल्या कसल्या वस्तू. मी गॅरेजच्या दारापर्यंत जायचे, रेवाला हाक मारायचे आणि वळायचे. आत या म्हणून काका दर वेळी म्हणायचे. मी दर वेळी गॅसवर काहीतरी ठेवून आलेली असायचे. सात वर्षांत एवढं काय शिजत होतं कोण जाणे.

ते मातीकामही शिकले होते. कम्युनिटी कॉलेजात विशीतल्या पोरांबरोबर साठीचा हा विद्यार्थी बसायचा आणि तिथल्या भट्टीत आपली कवेलू भाजून आणायचा. रेवा शनिवारी घरी यायची ती कोपरापर्यंत मातीनं माखून. त्यातच एकदा माझ्या कोल्हापुरीची एक चप्पल चिखलात बुडवल्यासारखी सापडली, वेणीच्या आत ओली माती जाऊन वाळलेली. मी टाचणी घेऊन तासभर कोरत बसले. अशा चपला इथे कुठे मिळतात? रेवाला विचारलं तर ती म्हणाली, आय डोन्ट नो, आणि खोलीत निघून गेली. मी नवऱ्याला बोलले, अंगण धुताना माझ्या वस्तू बाहेर कशाला टाकतोस. तो बिचारा सॉरी म्हणाला.

काकांच्या गोष्टी सांगायची रीत वेगळी होती. मी सनावळीनं सांगायचे. ते यंत्राच्या बिघाडासारखं सांगायचे, म्हणजे आधी काय मोडलं आणि मग ते का मोडलं. मंडळाच्या सहलीत एकदा त्यांनी मुलांना खेळ लावला. सॅम्नाइटांनी रोमची अख्खी फौज एका खिंडीत कोंडली होती. पुढचीही वाट बंद, मागचीही बंद. आता या लोकांचं करायचं काय? सेनापतीनं आपल्या म्हाताऱ्या बापाला विचारलं. बाप म्हणाला, सगळ्यांना मानानं सोडून दे, कायमचे मित्र होतील. पोराला पटेना. मग बाप म्हणाला, तर एकालाही जिवंत सोडू नकोस, शंभर वर्षं शांतता मिळेल. पोरानं दोन्ही ऐकलं नाही. त्यानं भाल्यांचं जू केलं, त्याच्याखालून रोमन सैनिकांना नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी वाकून जायला लावलं, आणि घरी पाठवलं.

काकांनी तीन क्रिकेटचे स्टंप घेऊन तसं जू केलं आणि रस्सीखेचीत हरलेल्या संघाला त्याखालून जायला लावलं. मुलं खिदळत गेली. माझा नवराही वाकून गेला आणि त्याची कंबर धरली. मग काकांनी मुलांना बसवून विचारलं, आता सांगा, चूक काय झाली? कोणी म्हणालं मारायला पाहिजे होतं, कोणी म्हणालं सोडायला. काका म्हणाले, "अर्धामुर्धा अपमान करायचा नाही कधी. माणूस मरत नाही आणि विसरतही नाही." मी लांबून ऐकत होते, हातात कागदी प्लेट घेऊन. मनात आलं, ही खिंड मला माहीत आहे, मी परीक्षेला लिहिली आहे, पण ती अशी सांगता येते हे मला कधी सुचलं नाही. हेवा कुठे दुखतो ते मला त्या दिवशी नेमकं कळलं. ज्या गोष्टी आपल्याला येत नाहीत त्यांच्याबद्दल तो फारसा वाटत नाही. आपल्याला येते ती गोष्ट दुसऱ्यानं जास्त चांगली केली की तो वाटतो.

त्यांचं आणखी एक आवडतं प्रकरण म्हणजे पवित्र वसंत. त्या डोंगरातल्या लोकांवर संकट आलं की ते देवाला नवस बोलायचे: येत्या वसंतात जे जन्माला येईल ते तुझं. जनावरं बळी जायची. मुलांना मात्र वाढवायचे, आणि ती वयात आली की त्यांची तोंडं झाकून त्यांना सीमेबाहेर काढून द्यायचे. मग ती पोरं एखाद्या जनावराच्या मागून चालायची, कोणी बैलाच्या, कोणी लांडग्याच्या, एका टोळीनं तर सुतारपक्षी धरला होता. जनावर थांबेल तिथे नवं गाव. सॅम्नाइट स्वतः असेच बैलामागून आलेले.

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला इथली बौद्ध मंडळी फीनिक्समध्ये एका हॉलमध्ये जमतात. काका आम्हालाही बोलवायचे, आणि एका वर्षी रेवाच्या हट्टापायी मी गेले. तिथे त्यांनी हीच गोष्ट सांगितली आणि म्हणाले, आमच्या वस्तीनंही असाच एक वसंत देऊन टाकला होता. आयांनी ठरवलं, ही पोरं शिकणार आणि जाणार. आमच्या पुढे बैल नव्हता, पुस्तक होतं. ते थांबलं तिथे आम्ही गाव केलं. हॉलमधल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. रेवाही रडत होती. माझेही डोळे भरले, आणि भरले म्हणून मला राग आला. मी पाच वर्षं व्याख्यानं दिली होती, एकाही माणसानं रुमाल काढला नव्हता.

आणि पुढच्या वर्षी मंडळानं व्याख्यानाला काकांना बोलावलं. अध्यक्षांनी मला फोन केला, जरा चेंज म्हणून हं, नेक्स्ट इयर तुम्हीच. मी म्हटलं, अहो छान, मीच सुचवणार होते.

वाचनालयातल्या सभागृहात शनिवारी दुपारी कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं असतील. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, पायात कोल्हापुरी आणि पर्समध्ये वही. आठवडाभर मी त्यांचे सॅम्नाइट वाचून काढले होते. परीक्षेला बसल्यासारखी गेले होते म्हणा ना. रेवा पहिल्या रांगेत, कॉम्प्युटरवरची चित्रं पुढे सरकवायला.

शेवटाकडे त्यांनी एका कौलाचं चित्र लावलं. मोठं, सपाट, दोन्ही कडांना काठ असलेलं कौल, त्याच डोंगरातल्या गावात सापडलेलं. ते ओलं असताना त्यावर दोन बायकांनी आपापले पाय उमटवले होते, चपलांसकट, आणि शेजारी लिहिलं होतं. एकीनं ऑस्कनमध्ये आणि दुसरीनं लॅटिनमध्ये. आम्ही कौलं मांडत होतो तेव्हा ही खूण केली, अशा अर्थाचं. काका पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "राजे गेले, लढाया गेल्या. मला यांच्यातल्या या दोघी सगळ्यात आवडतात. दोघी मैत्रिणी. भाषा वेगळी, पण मैत्रिणी."

मी हात वर केला. माझा आवाज मला स्वतःलाच वर्गातला वाटला. म्हटलं, काका, त्या दासी होत्या. एकाच मालकाच्या. मैत्रिणी होत्या याला पुरावा काय? असा मनानं इतिहास रचता येत नाही.

काकांनी टोपी काढली, हातात फिरवली. "पुरावा नाही मॅडम. तुमचं बरोबर आहे."

त्यांनी रेवाला पुढचं चित्र लावायला सांगितलं. पण नंतर त्यांची गाडी रुळावर आली नाही. दोनदा अडखळले आणि दहा मिनिटं आधीच आवरतं घेतलं. चहाच्या वेळी दोघा-तिघांनी मला येऊन सांगितलं की मुद्दा बाकी बरोबर काढलात. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. गाडीत बसेपर्यंत त्या टिकल्या.

रेवा खिडकीबाहेर बघत होती. अर्धा रस्ता गेल्यावर तिनं विचारलं, "आई, लास्ट इयर मंडळाच्या दिवाळीला त्या डॉक्टर काकांनी कारल्यानं डायबिटीस बरा होतो म्हटलं, तेव्हा तू प्रूफ मागितलंस?"

मी म्हटलं, तो माझा विषय नाही.

"ओके," ती म्हणाली. "दॅट्स नॉट व्हाय, बट ओके."

हे लिहायला जड जातं, पण लिहिते. ती बरोबर होती. तो माझा विषय असता तरी डॉक्टरांना मी विचारलं नसतं. माझ्या हेव्याच्या तळाशी आणखी एक गाळ होता. इतिहास आपला, सांगायचा आपण, आणि रामटेक्यांनी तो ऐकायचा, असं कुठेतरी माझ्यात बसलेलं होतं. मी कधी तोंडानं बोलले नव्हते, कोणी म्हटलं असतं तर भांडले असते. पण त्या दिवशी हात वर झाला तो त्याच्या जोरावर झाला होता. सोळा वर्षांच्या, इथे जन्मलेल्या पोरीला ते दिसलं आणि मला दिसलं नाही.

आठवड्यानं मी शिरा केला आणि काकांकडे गेले. या वेळी मनात पुष्कळ काही होतं. त्यांनी मला बैठकीच्या खोलीत बसवलं, बैलाच्या मगमध्ये चहा दिला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी शिऱ्याचं कौतुक सुरू केलं. म्हटलं, काका, राहू द्या शिरा. मी चुकले.

ते म्हणाले, "चुकल्या कुठे? पुरावा नाहीच ना. माझ्याजवळ आहे ते पुस्तकात बसत नाही, म्हणून बोललो नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई कवेलूच्या कारखान्यात कामाला होती. ओली कवेलू लांब फळीवर ठेवायची आणि फळी उचलून वाळवायच्या मांडणीवर नेऊन ठेवायची. फळी एकीनं उचलत नाही, दोघी लागतात. एक पुढे, एक मागे. आणि पाय जुळावे लागतात. एकीचा डावा आणि दुसरीचा उजवा पडला की फळी हलते, फळी हलली की ओलं कवेलू वाकतं, आणि वाकलेलं कवेलू म्हणजे मुकादमाच्या शिव्या. म्हणून बाया जोडी धरून असायच्या. काकांच्या आईची जोडीदार तेलंगणाकडची, तिला मराठी येत नव्हतं आणि आईला तेलुगू. एकवीस वर्षं दोघींनी फळी उचलली.

"त्या इटलीच्या कवेलूचं माप बघा तुमी," काका म्हणाले. "ओलं असताना एका बाईच्यानं हलत नाही ते. दोघींनी उचललं असणार. आणि लिहिलंय काय, आम्ही मांडत होतो तेव्हा. मी नाही, आम्ही. दासी होत्या हे खरंच आहे. पण मला त्यांचे पाय जुळलेले दिसतात, मॅडम. त्याला काय करू?"

मी एम.ए. केलं, सहा वर्षं शिकवलं, आठवडाभर वाचन केलं, आणि एका कौलाचं वजन किती असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी विचारलं, मग हे तिथेच का नाही सांगितलंत? चाळीस माणसांपुढे मला गप्प करता आलं असतं.

काका शिऱ्यातले बेदाणे चमच्यानं एका बाजूला करत होते. "रेवा बसली होती ना समोर," ते म्हणाले. "तिच्या डोळ्यांपुढे तिच्या आईला जुवाखालून काढू का?"

त्यानंतर मी त्यांचा हेवा करणं सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. उलट तो वाढला. आधी त्यांच्या ज्ञानाचा होता, आता त्यांच्या मोठेपणाचाही झाला. आणि मग शाळेच्या शेवटच्या वर्षी रेवानं कॉलेजच्या अर्जासाठी निबंध लिहिला. तिला प्राचीन भाषा आणि पुरातत्त्व शिकायचं होतं, आणि घर सोडून पार ओहायोकडच्या कॉलेजात जायचं होतं. नवऱ्याला कॉम्प्युटर पाहिजे होतं, त्याची समजूत मी घातली. मनात म्हटलं, शेवटी माझाच विषय घेतला पोरीनं. एका सकाळी लॅपटॉप टेबलावर उघडा होता. मी वाकून पहिलं वाक्य वाचलं. मला इतिहास दाखवणारे पहिले गृहस्थ आमच्या शेजारी राहतात, अशी सुरुवात होती. मी लॅपटॉप बंद केला. पुढे वाचलं नाही. दिवसभर भांडी आपटली. तिनं विचारलं, आई, काय झालं? म्हटलं, कुठे काय.

तिला प्रवेश मिळाला. आणि त्याच सुमाराला काकांनी घर विकायला काढलं. मुलाकडे सनीव्हेलला जाणार होते, गुडघ्यांना आता जिना झेपत नाही म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

मेमध्ये ऊन चढायच्या आत सामान हलवायचं म्हणून एका सकाळी ट्रक आला. रेवा शाळेत होती, पदवीदानाची तालीम होती. काकांचा फोन आला, मॅडम, एक वस्तू रेवाची आहे, ट्रकवाल्या पोरांच्या हाती द्यायची नाही, जरा येता का? गॅसवर काही नव्हतं. मी गेले, आणि सात वर्षांत पहिल्यांदा गॅरेजच्या आत पाऊल टाकलं.

फळा पुसलेला होता. खुर्च्या गेल्या होत्या. भिंतीला टेकवून एक कौल उभं होतं, अडीच फूट लांब, दोन्ही कडांना काठ, नीट भाजलेलं. त्यावर दोन पावलं उमटलेली होती. एक लहान मुलीच्या बुटाचं. शेजारी टोकदार अक्षरांत उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलेलं, ते रेवाचं नाव होतं हे मला डब्यातल्या चिठ्ठीमुळे ओळखता आलं. दुसरं पाऊल मोठं होतं, चपलेचं. चपलेला शिवणीचे टाके होते, अंगठ्याचा वळसा होता, आणि टाचेला एका बाजूनं झीज होती. मी उजवी टाच घासत चालते, सासूबाई त्यावरून नेहमी बोलायच्या. त्या पावलाशेजारी वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलं होतं, आई.

काका म्हणाले, पहिल्याच महिन्यातलं आहे. रेवाला दोघींच्या कवेलूची गोष्ट सांगितली तर म्हणाली, मला पण करायचं. म्हटलं, दुसरी कोण तुझी? जोडीशिवाय होत नाही. तर पळत गेली आणि चप्पल घेऊन आली. म्हटलं, आईलाच बोलव ना. तर म्हणाली, आई गॅरेजमध्ये येत नाही.

मी वाकून त्या झिजलेल्या टाचेच्या ठशावरून बोट फिरवलं.

"निबंधात लिहिलंय की तिनं हे सगळं," काका म्हणाले. "पहिलं वाक्य तेवढं माझ्यावर आहे. बाकी पान तुमचंच. तुमी वाचला नाही? मला तर तिनं मेल केला होता."

मेल केला होता. अशाही वेळी मला त्यांचा हेवा वाटला, आणि त्याचं मला हसू आलं, आणि मग रडू. काकांनी टोपी काढून हातात धरली आणि माझं होईपर्यंत रिकाम्या फळ्याकडे बघत उभे राहिले.

मग त्यांनी कौलाखाली फळी सरकवली. ते पुढे, मी मागे. ते उलटे चालत होते, माझ्याकडे तोंड करून. "आधी डावा," ते म्हणाले. दारात माझा पाय चुकला आणि फळी हलली. थांबलो. पुन्हा डावा. त्यांच्या ड्राइव्हवेवरून खाली, पदपथावरून, आमच्या निवडुंगाला वळसा घालून. ट्रकवाली पोरं मदतीला धावली, तर काकांनी मानेनंच त्यांना नको म्हटलं. ऊन तापलं होतं. चाळीस पावलं असतील, मी फक्त त्यांच्या पायांकडे बघत होते. ते जपून पाय टाकणं मला सात वर्षं म्हातारपणाचं वाटत आलं होतं. त्यांच्या आईची चाल होती ती.

कौल आमच्या बैठकीत भिंतीला टेकवलं. मी पाणी देऊ का म्हटलं, तर म्हणाले ट्रक थांबलाय. दारात उभं राहून त्यांनी टोपी घातली, माझ्या डोक्यावरून आमच्या छपराकडे बघितलं आणि म्हणाले, तिसऱ्या ओळीतलं ते कवेलू अजून तसंच आहे, मॅडम, या जुलैच्या आत तरी बसवून घ्या. मग पाठ फिरवून गेले, डावा, उजवा, डावा. मी कपाटातून कोल्हापुरी काढली आणि ठशात ठेवून बघितली. वेणीत कुठेतरी जुनी माती अजून होती. मी ती टाचणीनं काढली नाही.